कूलिंग पॅड आणि दाराचा रकाना

"बाबा, एक सांगायचं होतं," असं लेक म्हणाली आणि लॅपटॉप बंद पडला.

पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात चार डिग्रींना स्वतःचाच चेहरा दिसला. कानांवर हेडफोन, हातात माउस, तोंड अर्धवट उघडं. लॅपटॉपच्या पोटातला पंखा आणखी दोन क्षण घरघरला आणि मग तोही गप्प झाला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, शेजारची वही ओढली आणि लिहिलं: दहा बावीस. तापमान अठ्ठ्याण्णव. शेरा: पुन्हा गेला.

चार डिग्री हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. अडतीस वर्षं ते एका शीतगृहात पाळीप्रमुख होते. बटाटे, सफरचंदं, लोण्याचे खोके, जे काही आत येईल ते चार अंशांवर सांभाळायचं, हे त्यांचं काम. कोणी कधीही विचारावं, "किती?" आणि त्यांनी मान वर न करता सांगावं, "चार." मुलगी झाली तेव्हा नर्सने बाहेर येऊन "वजन तीन किलो" असं सांगितल्यावर त्यांनी आधी "तापमान?" असं विचारलं होतं. ही गोष्ट त्यांची बायको अजून पाहुण्यांना सांगते.

निवृत्त होताना त्यांनी शीतगृहातून एकच गोष्ट मागून घेतली होती, ती म्हणजे कोऱ्या नोंदवह्यांचा गठ्ठा. प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले: वेळ, तापमान, दार, किती वेळ, शेरा. दाराचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दार कोणी उघडलं, कितीदा उघडलं, किती वेळ उघडं राहिलं, याचा चोख हिशेब तिथे असायचा. यंत्र बिघडून माल नासल्याचं त्यांच्या आठवणीत दोनदाच घडलं होतं. बाकी सगळं नुकसान दाराने केलं होतं. आता लॅपटॉपची नोंद त्यांनी त्याच वहीत चालवली होती. लॅपटॉपला दार नसल्यामुळे मधले दोन रकाने पाच आठवडे रिकामे होते.

आणि या दारानेच त्यांचा घात केला होता.

अकरा महिन्यांपूर्वी लेक, म्हणजे घरातली भिंगरी, दूरच्या शहरात नोकरीला निघाली. बॅग उंबऱ्याबाहेर, ती उंबऱ्यावर, आई डोळे पुसत मागे. अशा वेळी बापाने काहीतरी खंबीर बोलायचं असतं, अशी चार डिग्रींची समजूत. ते म्हणाले, "तिकडे नीट रुजायचं. सारखं घराकडे पळत यायचं नाही. दार सारखं उघडलं की आतला माल टिकत नाही."

भिंगरीने मान हलवली आणि ती गेली. जन्मात या मुलीने बापाचं एक ऐकलं नव्हतं. नको म्हटलेली शाखा घेतली, नको म्हटल्यावर केस जांभळे रंगवले, तेव्हा चार डिग्री आठ दिवस तिच्याशी बोलत नव्हते. आणि नेमकी ही एकच गोष्ट तिने ऐकावी! अकरा महिन्यांत ती एकदाही घरी आली नाही. चार डिग्रींना रोज वाटायचं, ये म्हणावं. पण आपणच घातलेला नियम आपणच कसा मोडायचा? पाळीप्रमुखाने दार उघडं टाकलं तर बाकीच्यांनी काय करायचं?

फोन होता, पण फोनवर त्यांना बोलताच यायचं नाही. अडतीस वर्षं त्यांचं फोनवरचं बोलणं "किती?" "चार." "ठेवतो." एवढंच होतं. लेकीशीही तसंच व्हायचं.

"जेवलीस?"

"हो."

"झोप?"

"होते."

"बरं. आईला देतो."

हे ओळखून भिंगरीनेच तोड काढली होती. तिचा जुना गेमिंग लॅपटॉप घरी पडला होता. तिने दूर बसून त्यावर एक खेळ चढवून दिला. त्यात आपण ट्रक चालवायचा, लांबलचक रस्त्याने माल पोचवायचा. दर रविवारी सकाळी दहाला दोघांनी एकामागून एक ट्रक काढायचे आणि हेडफोनवर गप्पा मारायच्या. तिने बापाला मुद्दाम गारव्याचा ट्रक निवडून दिला. त्यात गोठवलेले मटार. कारखान्यातून निघून बंदरावर पोचवायचे, रस्ता पन्नास मिनिटांचा.

आणि काय आश्चर्य, समोर रस्ता असला की चार डिग्रींची जीभ सुटायची. एकमेकांकडे बघायचं नसतं, दोघांनी पुढे बघायचं असतं, मध्येच वळण येतं, त्यामुळे गप्प बसलं तरी चालतं. पहिल्याच रविवारी त्यांनी तिला स्वतःच्या पहिल्या पाळीची गोष्ट सांगितली, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. फक्त तो लॅपटॉप बावीस मिनिटांत तापून बंद पडायचा. पाच आठवडे तेच मटार निघत होते आणि बंदर एकदाही दिसलं नव्हतं.

आता गेले दोन रविवार तर ती काहीतरी सांगायला लागते आणि हा आचके देतो. चार डिग्रींनी लगेच फोन लावला.

"काय सांगत होतीस?"

"काही नाही बाबा. पुढच्या रविवारी."

"महत्त्वाचं आहे का?"

"तसं... नाही. पुढच्या रविवारी बोलू ना."

त्यांनी फोन ठेवला. "तसं" आणि "नाही" यांच्यामध्ये जी फट होती, तिने त्यांचं त्या दिवशीचं जेवण गोड लागू दिलं नाही.

"आजारी असेल का?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिलाई मशीनवर बसली होती. ती घरी कपडे शिवून द्यायची आणि लॅपटॉप तिच्याच कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर असायचा. "आजारी असती तर आवाजावरून कळलं असतं मला," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. "तुम्ही तिला ये म्हणा की सरळ."

"तिला यायचं असेल तर ती येईल."

"आणि तुम्हाला ती यायला हवी असेल तर?"

चार डिग्रींनी वही उघडून गेल्या पाच आठवड्यांची तापमानं पुन्हा वाचायला घेतली. अडचणीच्या प्रश्नावर त्यांचा हाच तोडगा होता.

सोमवारी ते दुकानात गेले. दुकानदाराने उत्साहाने काळा, चपटा, जाळीचा एक पाट काढला. पाच पंखे, कडेला निळे दिवे. "कूलिंग पॅड. याच्यावर लॅपटॉप ठेवायचा, काका. दहा डिग्री उतरतं."

"कुठून कुठे?"

"म्हणजे?"

"खोलीचं तापमान किती धरलंय? हवेला वाट कुठून? तपासणी बंद खोलीत केली की उघड्या?"

दुकानदाराने खोक्याच्या चारही बाजू वाचल्या. "काका, याला दिवे पण आहेत," तो शेवटी म्हणाला.

रविवारी पॅड लावलं. निळा उजेड, भुंग्यांसारखा गुणगुणाट. चार डिग्री दर पाच मिनिटांनी नोंद करत होते. मटार घाटापर्यंत पोचले. भिंगरीने ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईची नक्कल करून दाखवली, दोघंही खूप हसले. मग लॅपटॉपचा आतला पंखा हळूहळू तार स्वरात गेला.

"बाबा," ती म्हणाली, "ते सांगायचं राहिलंच. मला ना..."

दहा सव्वीस. शेरा: तीन अंशांचा फरक. चार मिनिटांचा लाभ. उपयोग आहे, पुरेसा नाही.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण गारवा हा चार डिग्रींचा प्रांत होता आणि त्यांच्याच घरात एक वीतभर यंत्र त्यांना जुमानत नव्हतं. त्यांनी पॅडपुढे हात धरला आणि त्यांना चूक सापडली. पंखे वर हवा फेकत होते! गरम वस्तूवर हवा फेकून काय होणार? शीतगृहात गरम हवा ओढून बाहेर काढतात, हे कोणाही शिकाऊ माणसाला ठाऊक असतं. त्यांनी पॅडचे वीस स्क्रू खोलले, पाचही पंखे उलटे बसवले आणि समाधानाने हात पुसले. आता पॅड लॅपटॉपखालची हवा खाली ओढू लागलं.

लॅपटॉपची अडचण अशी, की तो खालूनच श्वास घेतो. चार डिग्रींनी त्याच्या तोंडासमोरची हवाच काढून घेतली. पुढच्या रविवारी मटार कारखान्याच्या फाटकाबाहेर जेमतेम पडले आणि पंखा किंचाळायला लागला.

"बाबा, आज एवढ्यातच?" भिंगरी घाईघाईने म्हणाली, "बरं, मग ऐका, मला..."

दहा अकरा. शेरा: माझी चूक. पंखे पूर्ववत करणे.

अडतीस वर्षांच्या वह्यांत "माझी चूक" असे शब्द कुठेही नव्हते.

आता मात्र त्यांना धीर धरवेना. ती काय सांगणार आहे याचे त्यांनी मनात सतरा प्रकार करून पाहिले होते. नोकरी गेली. लग्न ठरवलं. आणखी दूर बदली झाली. तिसऱ्या प्रकाराशी पोचलं की ते उठायचे. आठवडाभर ते लेकीच्या खोलीत उगीच जाऊन खिडकी उघडून, बंद करून यायचे. आणि पुढच्या रविवारी त्यांनी असं काही केलं की बायको मशीन थांबवून उठली.

त्यांनी टेबल ओढत स्वयंपाकघरात नेलं, फ्रिजसमोर लावलं, आणि फ्रिजचं दार सताड उघडलं.

"अहो!"

"बोलू नकोस."

"तीस वर्षं मला 'दार लाव, दार लाव' म्हणून नुसतं भंडावून सोडलंत! मी पाण्याची बाटली काढली तरी मागून सेकंद मोजायचात!"

"मला सगळं माहीत आहे. मागून जाळीतून तेवढीच उष्णता बाहेर पडणार, खोली उलट तापणार. सगळं माहीत आहे. पण तोंडावर तरी गार आहे ना?"

आणि खरंच, त्या दिवशी लॅपटॉप टिकला. दहा तीस झाले. दहा पस्तीस झाले. चार डिग्रींच्या मांड्या गारठल्या, पण घाट संपला आणि लांबवर निळी रेघ दिसली. समुद्र! "भिंगरे, समुद्र!" ते ओरडले. मागे फ्रिज अर्धा तास न थांबता धापा टाकत होता. उघड्या दाराने गार करायला निघालेल्या त्या बिचाऱ्याने एक मोठा उसासा सोडला, कुठेतरी खट्ट झालं आणि घरातली वीज गेली.

मशीन थांबलं, पंखा थांबला, इंटरनेटच्या डबीचा दिवा विझला. बॅटरीवरचा लॅपटॉप तेवढा शांतपणे चालू होता. पहिल्यांदाच तो बंद पडला नव्हता आणि बाकीचं सगळं घर बंद पडलं होतं. लेकीचा ट्रक पडद्यावरून नाहीसा झाला. चार डिग्रींचे मटार एकटेच समुद्राकडे बघत उभे राहिले.

फ्यूज बदलेपर्यंत दूध नासलं होतं. बायकोने फक्त वही उघडून, दाराच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून, ती त्यांच्यासमोर धरली. चार डिग्रींनी मान खाली घातली. तिथे काय लिहायचं ते त्यांना सुचलं नाही.

मंगळवारी ते लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुरुस्तीवाल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, "आतून कधी साफ केलाय?"

"पुसतो की रोज."

"आतून."

शीतगृहात दर महिन्याला चार डिग्री स्वतः उभं राहून जाळ्या साफ करून घेत असत.

बाईंनी मागचं झाकण उघडलं. "घरी शिवणकाम करतं का कोणी?"

"बायको. कसं ओळखलंत?"

बाईंनी चिमट्याने पंख्यातून एक पट्टा सोलून काढला. करड्या लोकरीचं कापड असावं तसा. त्यात कापडाचा भुगा होता, लाल-पिवळे दोरे होते आणि त्या सगळ्याला गच्च बांधून ठेवणारे काही लांब केस होते. जांभळे.

"नाक असं चोंदलेलं असेल तर बाहेरून कितीही वारा घाला," बाई म्हणाल्या. "पॅड वाईट नाही. साफ केल्यावर वापरा, चार-पाच अंश नक्की उतरतील. पण आधी हे निघायला हवं. आणि तो कापायच्या टेबलावर ठेवू नका." त्यांनी तो पट्टा कचऱ्याच्या डब्याकडे नेला.

"थांबा," चार डिग्री म्हणाले. "ते... मला द्याल का?"

"हे?"

"कागदात बांधून दिलंत तरी चालेल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुडी बांधून दिली. घरी येऊन त्यांनी ती बायकोपुढे ठेवली. बायकोने एक जांभळा केस ओढून काढला आणि उजेडात धरला.

"या केसांवरून आठ दिवस बोलला नव्हतात पोरीशी."

"हो."

"छान दिसत होते तिला."

"हो," चार डिग्री म्हणाले. "तेव्हाच म्हणायला हवं होतं." बायकोने केस पुन्हा पुडीत ठेवला आणि पुडी नोंदवहीच्या पानांत घातली.

रविवार उजाडला. लॅपटॉप लेकीच्या खोलीतल्या टेबलावर, खाली सुलट्या पंख्यांचं पॅड. दहा वाजता ट्रक निघाले. दहा बावीस झाले, काही झालं नाही. तापमान चौऱ्याहत्तर. दहा चाळीसला समुद्र दिसला. दहा एक्कावन्नला चार डिग्रींचा ट्रक बंदराच्या आवारात शिरला आणि पडद्यावर अक्षरं झळकली: माल पोचला. नऊ रविवार रस्त्यावर काढलेले ते मटार अखेर उतरले.

"पोचलो गं!"

"पोचलो," भिंगरी म्हणाली. "बाबा, आज तुमचा पंखा ओरडला नाही."

"साफ केला. आतून."

"म्हणजे आता बंद नाही पडणार?"

"नाही. दिवसभर चालव म्हटलं तरी चालेल."

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "मी पंखा ओरडायला लागला की मगच सांगायला घ्यायचे. म्हटलं, अर्धं बोलेन, तो बंद पडेल, सांगितल्यासारखंही होईल आणि तुमचं उत्तरही ऐकावं लागणार नाही."

चार डिग्रींनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"बाबा, मला ट्रक चालवायला अजिबात आवडत नाही. कंटाळा येतो. तुमचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून चालवते. मला घरी यायचंय. म्हणजे नोकरी सोडून नाही, चारच दिवस. माझ्या खोलीत झोपायचंय, आईच्या मशीनची कटकट ऐकायचीय. मला फार आठवण येते हो. तुम्ही म्हणाला होतात दार सारखं उघडायचं नाही, म्हणून अकरा महिने धरून ठेवलं. आता नाही जमत. येऊ का?"

चार डिग्रींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आता बोललो तर हुंदकाच बाहेर पडेल, अशी त्यांना भीती वाटली. लेकीने बापाला असं ऐकता कामा नये. त्यांचा अंगठा आपोआप पुढे गेला आणि त्यांनी बटण दाबून लॅपटॉप बंद केला.

काळ्या पडद्यात पुन्हा तोच चेहरा. या वेळी ओला.

दारातून बायको म्हणाली, "काय हो, पुन्हा तापला?"

"हो."

तिने येऊन लॅपटॉपवर हात ठेवला. गार होता. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तापलाय खरा," ती म्हणाली आणि पदराने त्यांचे डोळे पुसले. "चालू करा आता. पोर तिकडे वाट बघत असेल."

लॅपटॉप सुरू व्हायला दीड मिनिट लागलं. अडतीस वर्षांत इतकं लांब दीड मिनिट त्यांनी कधी मोजलं नव्हतं. बंदराचं आवार दिसलं. रिकाम्या फरशीवर भिंगरीचा ट्रक एकटाच उभा होता, दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकत ठेवून.

"बाबा? रागावलात?"

"नाही गं. तो... तापला होता."

"पंखा तर ओरडला नाही."

"कधी येतेस?" चार डिग्री म्हणाले. "आणि चार दिवस काय चार दिवस? ते मी बटाट्यांबद्दल बोलत होतो. घर काय कोल्ड स्टोरेज आहे?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला, रडण्याचाही आला, आणि मागून बायको हेडफोनशी तोंड आणून ओरडली, "अगं, शनिवारीच नीघ!" मग तिघंही एकदम बोलू लागली आणि कोणाचंच कोणाला ऐकू येईना.

अकरा पस्तीसला चार डिग्रींनी वही उघडली. जांभळ्या केसांची पुडी बाजूला सरकवली आणि नोंद केली. वेळ: अकरा पस्तीस. तापमान: बघितलं नाही. मग पेन क्षणभर थांबलं आणि इतके आठवडे कोऱ्या राहिलेल्या रकान्यावर गेलं. दार: उघडं. किती वेळ: पुढील सूचनेपर्यंत.